दुंडाप्पाच्या हातच्या पापण्या

आमच्या वडगावात सगळ्यात जास्त डोळं कुठल्या घरात आसतील तर दुंडाप्पाच्या. माणसं चारच. दुंडाप्पा, त्येची बायको गंगाक्का, ल्योक राजू आन सून सविता. पर खिडकीत, फळीवर, टीव्हीच्या डोक्यावर, जिकडं बघावं तिकडं बाहुल्यांची मुंडकी. काय काळ्या डोळ्याची, काय घाऱ्या, काय अजून डोळंच न्हाईत आसली. पयल्यांदा त्या खोलीत वाकून चप्पल काढली तवा मला वाटलं, आपला पायजमा मागनं उसवलाय ते ह्या समद्या बायांनी बघितलं. आन उसवलाच हुता.

दुंडाप्पा आता न्हाय. त्येच्याबद्दल कुणी इचारलं तर मी आधी त्येच्या बोटांचं सांगतो, कारन बाकी आप्पात बघन्यासारखं काय नव्हतं. बारीक अंग, खाली आलेलं खांदं, गंजीफ्राकाला भोकं. आमी दोघं एकाच शेडात मागावर हुतो, शेजारी-शेजारी. ताण्याचं तार तुटलं की बाकीचं विणकर माग थांबवून, चष्मा पुसून, दोन शिव्या घालून मग गाठ मारायचं. आप्पा चिमटीला राख लावायचा, एक डोळा बारीक करायचा, आन गाठ कवा बसली ती ताराला सुदीक कळायचं न्हाय. माझी गाठ मातूर कापडावर मुरमासारखी वर यायची. मालक म्हनायचा, "मारत्या, तुझी साडी नेसून बाई खाली बसली तर तिला टोचंल रं."

मी आप्पाला म्हनायचो, "जरा भरभर करा की, सुट्टी झाली."

त्यो म्हनायचा, "घाई कुनाला हाय? तुला का ताराला?"

मग माग बंद पडत गेलं. कुनाचं एकदम, कुनाचं आजारी म्हातारीसारखं हळूहळू. आप्पानं घरातला सोताचा माग भंगारवाल्याला दिला त्या दिवशी उचलायला मीच गेलतो. उचलला काय, पायावर पाडून घेतला. माग गेला, पर फरशीवर त्येच्या चार पायांच्या चार खुना राहिल्या. आप्पा त्या चार खुनांच्या मधी पाट टाकून बसायला लागला. दिसभर. आमच्या समद्यांच्या कानात अजून खडखडाट चालूच आसायचा, त्यामुळं गल्ली गप झाली तरी झोप यायची न्हाय. मी इचारलं, "आप्पा, नुस्तं बसून दमत न्हाईसा?"

"दमलं की बसायचं. बसून दमलं की उठायचं. दुसरं काय आसतंय?"

हे त्येचं ठरलेलं बोलनं. कुनाच्या मयतालाबी हेच, कुनाच्या बारशालाबी हेच.

बाहुल्यांचं काम आनलं सवितानं. ती चिकोडीकडची, राग आला की कन्नडात, लाड आला की मराठीत. फोनवर बघून-बघून शिकली. दुकानातली बाहुली घ्यायची, तिचं कारखान्यातलं तोंड थिनरनं पुसून कोरं करायचं, आन कुनी फोटो पाठवला आसंल तसं नवं तोंड काढायचं. पुन्याची लोकं, बेंगळूरची लोकं आपल्या पोरीचा फोटो धाडायची. भुवया, ओठ, गालाची लाली ती आशी काढायची की बघत राहावं. पर रंग म्हंजे सपाट. डोळ्याला जवर वर आलेली पापनी न्हाय, खरंखुरं केस न्हाईत, कोपऱ्यात वल न्हाय, तवर ते चित्रच. बाजारात पापन्यांच्या पट्ट्या मिळत्यात, त्या चिकटवल्या की बाहुली नाटकातली बाई दिसायची.

एकदा ती कपाळाला हात लावून बसलेली. "अय्यो मामा, बर्ता इल्ला! हुईना हो मला!"

सासऱ्याला मामा म्हनत्यात आमच्याकडं. मामा चार खुनांच्या मधनं म्हनला, "आन हिकडं."

घरात जुन्या पदराचं काळं रेशीम पडलेलं. त्येचं एक तार आप्पानं उसवलं, त्या तारातनं आनखी बारीक तार सोडवलं, आन मागावर वईच्या भोकातनं तार ओवायचा आपला जुना आकडा हुडकून काढला. दोन दिस मान वर केली न्हाय. तिसऱ्या दिवशी बाहुली सवितापुढं ठेवली. मीबी हुतो. काय सांगू, एक केस हिकडचा तिकडं नव्हता. सगळं सारखं उंच, सारखं लांब, सारख्या अंतरावर.

सवितानं बाहुली फिरवून-फिरवून बघितली. म्हनली, "मामा, ही बाई न्हाय. झाडनी हाय."

मी हासलो. आप्पा हासला न्हाय. त्येच्या जल्माची कमाई ती, तार कदी कमी-जास्त न्हाय. आमाला जास्तीचं तार आलं की मालक फाडून खायचा. आन आता सून सांगतीया, मामा, जरा चुका, दोन केस जवळ घ्या, एक लांब ठेवा, मधी जागा सोडा. आप्पा बसायचा जागा सोडायला, आन हात आपसूक सारखं करून ठेवायचा. खरं सांगतो, बरोबर काम करायला माणूस येवढा दमत न्हाय. त्येला चुकायला शिकताना मी जेवढा दमलेला बघितला तेवढा मागावर कवा बघितला नव्हता.

त्या दिसांत माझ्यावर एक परसंग आला. माग गेल्यापास्नं मी टेम्पो चालवायचो. त्येला भाडं नव्हतं, म्हनून मी आप्पाच्या कट्ट्यावर तोंड उघडं टाकून झोपलो हुतो. जाग आली तर आप्पाचं नाक माझ्या नाकाला लागायचं बाकी. हातात भिंग. मला वाटलं मी मेलो आन आप्पा खात्री करतोय.

"हलू नगंस," म्हनला.

"काय झालं?"

"तुझं डोळं लई कामाचं हाईत मारत्या. एक केस दुसऱ्याचं ऐकत न्हाय. आन डावीकडं मधीच टक्कल हाय."

त्या दिवसापास्नं माझ्या पापन्या बाहुल्यांना बसल्या. लगीन ठरवताना माझ्या बायकोनं तिच्या मामाला सांगटलं हुतं म्हनं, पोरगा चालंल, पर डोळ्यांकडं बघवत न्हाय. तेच डोळं मग पार्सलातनं बेंगळूरला गेलं, कुनाच्या कपाटात काचंमागं बसलं. मी मातूर अजून हुबळीच्या पुढं गेलेला न्हाय.

मग आप्पानं पापनीची जाडी बसवली. नळ गळाय लागला की दोन मात्या मळून लावत्यात न्हवं, मळली की थोड्या येळानं दगड हुती, ती माती. तिची तांदळाच्या कण्यायेवढी वळी करून डोळ्यावर बसवायची, आकड्याच्या पाठीनं दाबत न्यायची. सविता म्हनायची, "पातळ करा की मामा." आप्पा म्हनायचा, "पापनी म्हंजे पडदा न्हाय गं, दार हाय. दाराला जाडी आसती." गालाची खळी बारीक पॉलिशपेपरनं घासून काढायची. दुधाच्या दाताला पांढऱ्या मातीचा कण. आन शेवटाला डोळ्याच्या कोपऱ्यात बिनरंगी नखपॉलिश, सुईच्या टोकावर बसंल तेवढंच. ते वाळलं तरी वलं दिसतंय. त्येच्याबिगर डोळं मेलेलं.

मला वाटलं येवढं तर मलाबी जमंल. सविता परड्यात गेल्यावर मी सुई घेतली. कोपऱ्यात थेंब सोडला, त्यो घरंगळला, नाकाखाली येऊन थांबला आन वाळला. सविता आली. "काका, हिला सर्दी झालीया."

मी म्हंटलं, "हवा बदलली."

आप्पानं बाहुली उचलली, लांब धरली, जवळ धरली. "राहू दे. लेकरू हाय. लेकराला शेंबूड आसतोच." ती तशीच गेली. त्या पोरीच्या आईचा फोन आला, म्हनली, तुमास्नी कसं कळलं हो? आप्पा मला म्हनला, "बघ, तुझ्याबी हातनं कदी-मदी बरोबर चुकतंय."

हे आसं बेतानं चाललं हुतं. आन त्याच हिवाळ्यात गंगाक्काच्या तोंडावरनं वारं गेलं.

गंगाक्का म्हंजे आमच्या गल्लीचा आवाज. मागाच्या खडखडाटात ती सुताच्या कांड्या भरत बसायची आन तिचं बोलनं मागाच्या वर ऐकू यायचं. कुनाच्या घरात काय शिजलं, कुनाची सून माहेरी गेली, समदं. सकाळी उठली तर उजवी बाजू सगळी खाली आलेली. ओठाचा कोपरा, गाल, पापनी. उजवा डोळा मिटंना. दवाखान्यात म्हनले, जिवाला धोका न्हाय, हळूहळू हुईल तेवढं हुईल. थोडं झालं, मग थांबलं. बोलनं सुदारलं. तोंड न्हाय.

गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. "कसं गं झालं?" म्हनायच्या आन बघत राहायच्या. गंगाक्कानं आरसा भिताडाकडं फिरवून ठेवला. आतल्या खोलीत जाऊन बसली ती बसली. जेवताना भिताडाकडं तोंड. कुनी आलं की पदर नाकावरनं पार कानापतोर. मी गेलो एकदा, माझं तोंड तर मागाच्या धोट्यासारखं, एकदा सुटलं की थांबत न्हाय. म्हंटलं, "आक्का, आता निम्म्या तोंडानं शिव्या द्याल म्हना, आमाला झेपतील तरी." आतनं भरलेली कांडी आली ती माझ्या कानशिलावर. नेम बाकी शाबूत हुता. मला वाटलं, चला, आक्का बरी हुनार. पर कांडी मारून पदर परत वडला तिनं.

रोज दिवेलागनीला आप्पा काम खाली ठेवायचा, हात साबनानं धुवायचा आन आत जायचा. तिच्या त्या उघड्या डोळ्यात औशिद घालायचं, मग दोन बोटांनी पापनी हळूच खाली घ्यायची आन वरनं कागदाची चिकटपट्टी लावायची, रातभर डोळा वाळू नये म्हनून. ती दुसऱ्या कुनाला लावू द्यायची न्हाय. सविता म्हनायची, "मामांची पापनी हल्ली लई खरी बसाय लागलीया."

वरीसभर आसंच गेलं. आप्पा जास्तच वाळला. मी म्हनायचो, आक्काला जरा देवळापतोर तरी न्या. त्यो म्हनायचा, "लई येळा सांगटलं रं. आता सांगायचाबी कटाळा आलाय." आन उगी समोरच्या कोऱ्या मुंडक्याकडं बघत बसायचा.

मग थोरली लेक आली निपाणीहून, शोभा. तिच्या दीपाचं लगीन ठरलेलं. त्येंच्या घरात रीत आशी, नवरीला पयली हळद आजोळच्या आज्जीनं लावायची. आज्जी जिती आसताना दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय. शोभा आतल्या खोलीच्या दारात बसून सांगत हुती, आन गंगाक्का भिताडाला तोंड करून ऐकत हुती. मी बाहेर पार्सलं बांधत हुतो, म्हंजे कान लावून बसलो हुतो.

"मी येत न्हाय," गंगाक्का म्हनली. "वऱ्हाडातली मानसं नवरीला बघायला येत्यात का मला?"

"आगं, तुला कोन काय म्हनतंय?"

"म्हनत न्हाईत. बघत्यात."

"दीपा म्हनतीया, आज्जीबिगर मी पाटावर बसनार न्हाय."

"बसंल. उपाशी ऱ्हायली की बसंल."

शोभा डोळं पुसत बाहेर आली. "आप्पा, तुमी तरी सांगा की हो." आप्पा म्हनला, "चल, तुझी बस जाईल." आन तिला सोडायला माझ्या टेम्पोतनं निघाला. स्टँडावर बस हलली तवा म्हनला, "मारत्या, म्हातारीनं माझा दम काढला." बस गेली तिकडंच बघत. मी पयल्यांदा त्येला उभ्याउभ्या दमलेला बघितला.

दुसऱ्या दिवशी त्येनं एक कोरं मुंडकं घेतलं, मोठ्या बाहुलीचं. सविताला वाटलं कुनाची आर्डर. त्येनं कुनाला जवळ येऊ दिलं न्हाय, रंगसुदीक सोताच काढलं. पयल्यांदा मोठ्ठं कुकू. गालावर मातीच्या सुरकुत्या, केसायेवढ्या बारीक. सफेद सुताचं केस, मागं वडून बांधलेलं. नाकात चमकीच्या जागी टाचनीचं डोकं. आन मग एक बाजू सगळी खाली सोडली. ओठाचा कोपरा, गालाची थैली. त्या बाजूची पापनी जाड, उघडी, खालचा काठ थोडा बाहेर पालथा, आन त्यात वल, भरून आल्यासारखी. मग ते मुंडकं बाहुलीच्या धडावर बसवलं.

मी बघितलं आन पार्सल हातातनं पडलं. "आप्पा, हे आक्काला दाऊ नगा. जीव घील तुमचा."

"दावायलाच केलंय. ती जात न्हाय न्हवं? मग ही जाईल निपाणीला. पाटापाशी ठिवतील, हळदीला हिचा हात लावतील. मला आता बोलायला हुत न्हाय."

सांजचं चार वाजता त्येनं चहा आत नेला, संगं बाहुली. आमी दारात. मी सविताच्या मागं, कांडीच्या भ्यानं. आप्पानं बाहुली तिच्या पुढ्यात ठेवली. म्हनला, "तू बस. हिला पाठवतो तुझ्या जागी."

गंगाक्का बघत राहिली. बशीतला चहा गार हुईस्तवर बघत राहिली. मला वाटलं आता रडंल. सविताचं तर आधीच चालू झालतं.

"ही कोन?" गंगाक्का म्हनली.

"तू."

"ही मी?" तिनं बाहुली उचलली. "आवो, डोळं फुटलं का तुमचं? हिला वारं डावीकडनं गेलंया!"

"तुलाबी तिकडनंच गेलंय."

"मला उजवीकडनं गेलंय! ह्यो बघा," आन तिनं खाडकन सोताच्या उजव्या गालावर हात मारून घेतला. "ह्यो माझा घास खायाचा हात. ह्या हाताकडनं गेलंय!"

"न्हाय," आप्पा म्हनला. आप्पा कवा वाद घालत न्हाय, पर कामात चूक काढली की त्येला खपत न्हाय. "मी रोज सांजचं डोळा मिटवतोय तुझा. मला ठावं न्हाय व्हय?"

"ह्ये तोंड माझं हाय का तुमचं? मारत्या, तू सांग रं!"

मला आजून डावं-उजवं कळायला जेवायचा हात हलवून बघावा लागतो. मी दारात उभा राहून हात तोंडाकडं नेला आन आनला, नेला आन आनला. गंगाक्का म्हनली, "ह्येला भूक लागलीया, ह्यो काय सांगनार. सवे, आरसा आन गं!"

सविताचं रडं थांबलं. वरीसभर आरसा भिताडाकडं तोंड करून टांगलेला. तिनं त्यो काढला, पदरानं धूळ पुसली, आन सासूच्या हातात दिला. गंगाक्कानं बाहुली एका अंगाला धरली, आरसा एका अंगाला. नाकावरचा पदर कवाच घसरलेला, तिला ध्यानातबी नव्हतं.

आता झालं काय, आरशात समदं उलटं दिसतं. बाहुली आन आरसा दोन्ही येक आले. आरसा आप्पाच्या बाजूनं झाला.

"बघ," आप्पा म्हनला.

पर गंगाक्का बाहुलीकडं बघतच नव्हती. ती आरशात बघत हुती. मी म्हनतो, आता आरसा फुटनार. तिनं डोक्यावरनं हात फिरवला.

"सवे," म्हनली. "आगं, म्हातारी झालो की गं मी. केस कवा पिकलं येवढं?"

"हळूहळू पिकलं आत्ती," सविता म्हनली.

"सांगायचं न्हाय व्हय कुनी?"

मग सवितानंच बाहुली घेतली आन सासूच्या खांद्यावर बसवली, तोंड आमच्याकडं करून. दोन तोंडं शेजारी-शेजारी. तवा मलासुदीक हात न हलवता दिसलं. आक्काचं हिकडं उतरलेलं, बाहुलीचं तिकडं. आप्पानं एक डोळा बारीक केला, मग दुसरा. मग खाली बसला. जिमिनीवरच, पाटबी नव्हता. जल्मभर ज्येनं एक तार चुकवलं न्हाय त्यो बायकोच्या तोंडाची बाजू चुकला.

गंगाक्कानं त्येच्याकडं बघितलं, बाहुलीकडं बघितलं. "आसलं उलटं तोंड घिऊन ही माझ्या जागंला बसनार? शोभाच्या सासरची मला वळखत्यात. म्हनतील, आक्काला दोन्हीकडनं वारं गेलं का काय. सुदारा हे."

"माती दगड झालीया," आप्पा हळूच म्हनला. "खरवडून काढाय लागंल. परत बघून करावं लागंल."

"मग बघा की."

"आत उजेड न्हाय."

गंगाक्का मग उटली, पाट काखंत मारला, आन बाहेरच्या दारात, उंबऱ्यापाशी, जितं सांजचं ऊन येतं तितं जाऊन बसली. पदर खांद्यावर. आप्पा समोर, बाहुली मांडीवर, ब्लेडच्या पातीनं दगड झालेली माती खरवडायला बसला. गल्लीतनं मानसं चालली हुती. दुधाची सायकल थांबली, गेली. शेजारची पार्वती आली, तोंड उघडलं, गंगाक्कानं तिच्याकडं बघितलं, पार्वतीनं तोंड मिटलं आन कोथिंबीर मागून गेली. त्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली. मधीमधी सूचना. "सुरकुती येवढी न्हाय काय माझी. बरं, हाय. राहू द्या." "ओठ आनखी खाली. खोटं कशाला काढायचं?"

झालं तवा तिनं बाहुली लांब धरून बघितली. म्हनली, "आता बरोबर हाय."

आप्पा म्हनला, "मग पाठवू?"

"हिला? हिला बोलाय येतंय व्हय? लग्नात इस लोक इस तऱ्हेचं बोलत्यात, उत्तर कोन देनार? मीच जातो."

लग्नाला माझ्याच टेम्पोतनं गेलो. पुढं आप्पा आन मी, मागं गादी टाकून गंगाक्का, सविता आन लग्नाची भांडी. बाहुली घरीच, खिडकीत. राजूला सुट्टी मिळाली न्हाय. हायवेला लागल्यावर मी इचारलं, "आप्पा, खरं सांगा, मुद्दाम उलटं केलतं न्हवं? ती चिडून आरसा मागंल म्हनून?" मी गल्लीत समद्यांना तसंच सांगटलं हुतं. आप्पाचं डोकं काय चाललं म्हनून वाहवा झालती.

आप्पा समोर बघत बसलेला. "न्हाय रं. चुकलंच. नक्षीची साडी आपुन पालथी विणायचो न्हवं? सुलटी बाजू खाली. नमुना समोर ठेवला की हात आपसूक उलटा करतोय. जल्माची सवं." काच जरा खाली केली. "मुद्दाम करायचं येवढं डोकं आसतं तर माग भंगारात घातला आसता व्हय?" मग जरा पुढं गेल्यावर, "रोज सांजचं मिटवत हुतो तिचा डोळा. आन बाजू चुकली मारत्या." पुढं तवंदीचा घाट लागला, गेअर बदलताना माझा टेम्पो नेहमीसारखा ओरडला, आन बोलनं तितंच राहिलं.

त्येच्यानंतर थेट आप्पा गेल्याचंच कळलं. लगीन झाल्यावर दोघं शोभाकडं राहिली, चार दिस म्हनून, आन चार दिसाचं लांबत गेलं. तितंच झोपंत गेला. मी लगीच निघालो, तर त्याच घाटात टेम्पो बंद पडला. ढकलायला मानसं हुडकंपतोर ऊन उतरलं. पोचलो तवा समदं आटपून मानसं हातपाय धुवत हुती. शेवटच्या कामालाबी मी गाठ नीट मारली न्हाय. म्हनून मला आप्पाचं मेलेलं तोंड ठावं न्हाय, आन आता वाटतं, बरंच झालं.

मला ठावं हाय ते लग्नाच्या दिवसाचं.

निपाणीत शिरलं की आधी तंबाखूचा वास येतो, मग मानसं दिसत्यात. मांडवात गंगाक्का शिरली ती उघड्या तोंडानं. लोकांनी बघितलं, न्हाय म्हनायला न्हाय. एक बाई बोटानं दावत हुती, तिला गंगाक्कानं जवळ बोलवून सांगटलं, "उजवीकडनं गेलंया. नीट बघून घी, मग इसरशील." दीपा पाटावर बसली, आज्जीनं हळद घेतली. पोरगी रडली, आज्जीचा तर एक डोळा सदाच पानावलेला, त्यामुळं ती रडली का न्हाय ते कुनाला कळलं न्हाय. मी मातूर जेवनाच्या रांगंत पयला हुतो, म्हनून पुढचं नीट बघितलं न्हाय.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मला सांजच्या आत दुसऱ्याचा माल घिऊन परत जायचं हुतं. निरोप घ्यायला आप्पाला हुडकलं तर मांडवाच्या कडंला, पंख्याचा वारा लागत नव्हता आसल्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीत झोपलेला. मान मागं, तोंड उघडं, हात मांडीवर पालथं. चिमटीला अजून काळ्या रंगाचा डाग. शेजारच्या खुर्चीत गंगाक्का, हात कोपरापतोर हळदीचं. माशा लई हुत्या, गोडाधोडाच्या. त्यातली एक त्येच्या पापनीवर बसली. गंगाक्कानं ती हाकलली, ती परत बसली. मग तिनं आपला पदर डोक्यावरनं वडला आन त्येच्या तोंडावर टाकला, आन सोता तशीच, उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं बसली.

वरमायेकडची कोनतरी आली. "ह्ये कोन झोपलंय हो?"

"आमचंच हाय," गंगाक्का म्हनली. "लई दमलंय. उठवू नगासा."

मीबी उठवलं न्हाय. त्येच्या श्वासानं पदर जरा वर व्हायचा, जरा खाली व्हायचा. मी थोडा येळ उभा राहिलो, मग गाडीकडं गेलो.